थारला दोन इंच लिफ्ट झाली, आता टायर किती मोठे घ्यावेत?

सह्यवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझी २०२१ ची महिंद्रा थार आहे, एएक्स ऑप्शनल, डिझेल मॅन्युअल, कन्व्हर्टिबल छत. स्टीलच्या रिमवर कंपनीचे २४५/७५ आर १६ टायर (रुंदी २४५ मिमी, बाजूभिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंची). गेल्या उन्हाळ्यात दोन इंच लिफ्ट करून घेतली, म्हणजे सस्पेन्शनवर गाडी तेवढी उंच केली. पुढे कॉइलओव्हरच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीच्या) डोक्यावर स्पेसर (उंची वाढवणारा ठोकळा), मागे स्प्रिंगला स्पेसर आणि लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर. आता टायरची नक्षी संपत आली आहे, त्यामुळे बदलायचे तर आहेतच. मग मोठेच घ्यावेत असं मनात आहे.

वापर सांगतो. आठवडाभर पुण्यात ऑफिस. शनिवार-रविवारी वेल्हे, मुळशी, ताम्हिणीच्या आसपासचे कच्चे रस्ते. भोरकडे मामाचं शेत आहे, तिथे पावसाळ्यात ट्रॅक्टरने खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधल्या उंचवट्याला माझ्या गाडीचं मागचं हाउसिंग (डिफरन्शियलचं लोखंडी कवच) घासतं. लिफ्ट केल्यावरही घासतंच, हे मला सर्वांत जास्त खटकतंय.

दोन मापं डोक्यात आहेत, २६५/७५ आर १६ आणि २८५/७५ आर १६. हिशेब केला तर सध्याच्या टायरचा व्यास ७७४ मिमी येतो, २६५ चा ८०४ आणि २८५ चा ८३४. टायरच्या दुकानात सांगितलं की लिफ्ट आहे म्हणजे २८५ आरामात बसेल. बसेल हे खरं धरलं, तरी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि चाक खड्ड्यातून वर उचललं गेल्यावर काय होईल? इंजिनावर किती ताण येईल? पाच टायरचा खर्च मोठा आहे, म्हणून अनुभवी लोकांचं सविस्तर मत हवं आहे.

निळीजीप

२८५ च घ्या. गाडीचं रूप पालटतं आणि चिखलात फरक जाणवतो. माझ्या मित्राच्या थारला आहेत, छान चालते. पुढच्या मडगार्डच्या आतलं प्लास्टिक थोडं कापावं लागलं, एवढंच.

पाटा_स्प्रिंग

सह्यवारा, मी गॅरेजात हेच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी हाउसिंगचं बोलू. लिफ्टमुळे चॅसी आणि बॉडी वर जाते. थारच्या मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, तो चाकांच्या मध्ये जिथे होता तिथेच राहतो. तुम्ही दोनच्या ऐवजी चार इंच लिफ्ट केली असती तरी मागचं हाउसिंग जमिनीपासून तेवढंच वर असतं. ते वर न्यायचा मार्ग एकच, टायरचा व्यास वाढवणे, आणि व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मंच हाउसिंग उचललं जातं. २६५ ला १५ मिमी, २८५ ला ३० मिमी. पुढची गोष्ट वेगळी आहे. पुढे डबल विशबोन आहे (प्रत्येक चाक स्वतंत्र वर-खाली होतं), डिफरन्शियल चॅसीला टांगलेलं आहे, त्यामुळे लिफ्टबरोबर ते वर गेलं. पण चाकं खालीच राहिल्याने ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढला. सीव्ही जॉइंटचे (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या सांध्यांचे) रबरी बूट आता तिरपे चालतात, त्यांच्या घड्या एकमेकींवर घासतात. तिथे चीर पडली की ग्रीस बाहेर उडतं आणि चिखल आत जातो. दर पावसाळ्याआधी गाडीखाली शिरून ते बूट बोटाने चाचपून बघा.

आता ‘लिफ्ट आहे म्हणजे बसेल’ या बोलण्याबद्दल. गाडी सपाट जागी उभी असते तेव्हा टायर आणि मडगार्ड यांच्यात दिसणारी जागा ही लिफ्टने दिलेली असते. पण मागे तुमचा स्पेसर फक्त स्प्रिंगला आहे. अ‍ॅक्सल वर येऊन थांबतो तो बम्प स्टॉपवर, म्हणजे हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर, आणि बम्प स्टॉप जुन्याच जागी आहे. म्हणजे गाडी पूर्ण दबली की टायर मडगार्डमध्ये तितकाच वर जातो जितका लिफ्टच्या आधी जात होता. फक्त आता तो ६० मिमी मोठा असेल. गॅरेजसमोरच्या डांबरी रस्त्यावर हे कधीच कळत नाही. सामान भरलेली गाडी नाल्यात एका अंगाने उतरली की कळतं. मोठा टायर घालायचा तर बम्प स्टॉपही तेवढा खाली आणावा लागतो, आणि तसं केलं की चाकाची वर येण्याची हालचाल कमी होते. कुठेतरी द्यावं लागतंच.

पुढे घासण्याच्या जागा तीन. बंपरचा मागचा खालचा कोपरा, मडगार्डचं आतलं प्लास्टिक आणि पूर्ण वळवल्यावर आतल्या बाजूला असलेले भाग. २८५ चा टायर प्रत्येक बाजूला २० मिमी जास्त रुंद आहे. आत घासतो म्हणून लोक बाहेर निघालेले रिम किंवा व्हील स्पेसर लावतात. मग टायर आत घासत नाही, पण वळताना मोठं वर्तुळ काढतो आणि बंपरला लागतो. शिवाय बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंग खड्ड्यात हिसके देतं आणि सगळा चिखल दारांवर उडतो.

रिमची रुंदीही बघा. २८५ ला साधारण साडेसात इंच रुंदीपासून पुढचा रिम लागतो. तुमच्या रिमवर काय कोरलंय ते वाचा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि नक्षी मधोमध झिजते.

सह्यवारा

दादा, मनापासून आभार. बम्प स्टॉपचा मुद्दा मला आजवर कोणीच सांगितला नव्हता. पैसे देण्याआधी हे तपासायची काही पद्धत आहे का?

पाटा_स्प्रिंग

आहे. दुकानदाराला आधीच विचारा की दोन टायर तात्पुरते चढवून बघू देशील का. नवीन टायर रस्त्यावर न नेता आवारातच बघायचं असेल तर बरेच जण तयार होतात. टायरच्या कडांना खडू जाड फासा. एक पुढचं चाक उंच दगडावर किंवा उतरत्या फळीवर चढवा, तिरकस समोरचं मागचं चाकही तसंच उचला. गाडी आडवी पिळली गेली पाहिजे. त्या अवस्थेत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा, मागे बसवलेली माणसं गाडीला दाबून हिंदकळवू देत. मग चाकं काढून आत टॉर्च मारा. खडू जिथे लागला असेल तिथे रस्त्यावर टायर लागणार. प्लास्टिकला लागला तर तोडगा आहे. ब्रेकचा होज, एबीएसची वायर किंवा पत्र्याची जोडणी यांना लागला तर ते माप विसरा.

आणि लिफ्टनंतर अलाइनमेंट केली होती का? पुढे उंची वाढली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, महामार्गावर गाडी भरकटते. मोठ्या टायरने ते जास्त जाणवतं.

चाकणचा_गिअर

पाटा_स्प्रिंग यांनी सस्पेन्शनचं सगळं सांगितलं आहे. मी गाड्यांच्या ट्रान्समिशनवर काम करतो, त्या बाजूने लिहितो.

२८५/७५ घेतला तर व्यास ७.७५ टक्के वाढतो. याचा अर्थ प्रत्येक गिअर तेवढाच उंच होतो. चाकाच्या कडेला मिळणारी ओढ साधारण ७ टक्के कमी होते, आणि ब्रेकनाही तेवढीच जास्त मेहनत पडते. ३०० न्यूटन मीटर टॉर्कच्या डिझेलला सपाट रस्त्यावर हे झेपतं. खरी कसोटी लो रेंजमध्ये (सावकाश पण जास्त ओढीच्या गिअरमध्ये), दगडांच्या उतारावर, जिथे गाडी रांगली पाहिजे. तिथे पाय ब्रेकवर जातो आणि चाक घसरतं.

तुलनेसाठी अमेरिकेतली जीप रँग्लर रुबिकॉन बघा. २०१८ पासूनच्या जेएल पिढीला कंपनीतूनच २८५/७० आर १७ टायर येतो, व्यास ८३१ मिमी, म्हणजे तुम्हाला हवा तेवढाच. पण तिच्या ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) लो रेंज ४:१ आहे आणि अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४.१०. थारचं लो रेंज २.४८:१. तिथले लोक ३५ किंवा ३७ इंची टायर घालतात तेव्हा अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन बदलून ४.८८ सारखं गुणोत्तर घेतात. आपल्याकडे थार मोठी करणारे बहुतेक लोक टायरवर थांबतात, गिअरला हात लावत नाहीत. मग क्लच जास्त वेळ अर्धा दाबलेला राहतो, आणि त्याचं आयुष्य चढावर संपतं.

स्पीडोमीटरचंही लक्षात ठेवा. काटा १०० दाखवेल तेव्हा खरा वेग १०७ च्या पुढे असेल. २६५ ला जवळपास १०४. ओडोमीटर कमी अंतर मोजतो, त्यामुळे टाकी-ते-टाकी मायलेज काढलंत तर ते खऱ्यापेक्षाही वाईट दिसेल. आकडे दुरुस्त करून मगच निष्कर्ष काढा.

आणि वजन. एलटी (लाइट ट्रक) बांधणीचा २८५ टायर तुमच्या मूळ टायरपेक्षा सहा-सात किलोंनी सहज जड असतो. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात शॉक अ‍ॅब्सॉर्बरला आवरावं लागणारं. पाचवा टायर मागच्या दारावर टांगलेला असतो हेही विसरू नका. दाराच्या बिजागऱ्या रोज ते ओझं वाहणार.

जांभेवाडी

मी राजापूर तालुक्यातली. आमच्या हापूसच्या बागा डोंगरावर आहेत, कलमांना खत-पाणी न्यायला आणि मोसमात पेट्या उतरवायला थारच लागते. इथल्या जांभ्याच्या कातळाला धारदार कडा असतात. टायर फाटतो तो बाजूने, तळातून नाही. त्यामुळे मी माप वाढवलं नाही, मूळ मापातच मजबूत बाजूभिंतीचे ऑल टेरेन (डांबरी आणि कच्चा, दोन्ही रस्त्यांसाठीचे टायर) घेतले. आणि बागेच्या रस्त्याला लागण्याआधी हवा १८ ते २० पीएसआयवर आणते. टायर लांबीने पसरतो, दगडाला गुंडाळतो, उडत नाही. डांबरीवर आल्यावर छोट्या कॉम्प्रेसरने पुन्हा भरते. कमी हवेत महामार्गावर गेलं तर टायर तापून फुटतो, म्हणून कॉम्प्रेसर गाडीत नसेल तर हवा सोडूच नये.

सह्यवारा, तुमची गाडी घासते त्या चाकोरीत एक चाक उंचवट्यावर आणि दुसरं कडेला ठेवून बघा. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या वाटेवर सगळे तसंच चालवतात.

सह्यवारा

ताई, शेताच्या एका बाजूला बांध आहे, दुसरीकडे ओढा. सगळीकडे तसं चालवता येत नाही. पण हवेचा मुद्दा पटला. मी आजवर २६ च्या खाली कधी आणली नाही.

परभणीकर_काळी_माती

जांभेवाडी ताईंची जमीन वेगळी, आमची वेगळी. इथं काळी चिकण माती. पाऊस पडला की ती टायरला चिकटते, सुटत नाही, थरावर थर चढतो. आमच्याकडे पावसाळ्यात लोक मोटारसायकलचं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात, कारण चिखल मधे दाबून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मोठ्या टायरचं तेच होतं. मडगार्डपर्यंत बोटभर जागा ठेवून २८५ बसवला तर पुण्याच्या रस्त्यावर घासणार नाही, पण आमच्या शेतात दोनशे फुटांवर चाक जाम होईल. मोठा टायर घालणाऱ्यानं टायरभोवतीची मोकळी जागा पहिल्यांदा मोजावी.

नक्षीचं पण बोला कोणीतरी. ऑल टेरेनच्या खाचा आमच्या मातीत भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. इथं मड टेरेन लागतो, त्याच्या रुंद खाचांतून चाक फिरताना चिखल फेकला जातो. पण डांबरीवर त्याचा आवाज असतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो. सह्यवारा भाऊ, तुम्ही रोज पुण्यात चालवता, तुम्हाला ऑल टेरेनच बरा.

चाकणचा_गिअर

परभणीकरांच्या मुद्द्यावरून एक वेगळं माप सुचतं. २३५/८५ आर १६. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरला हेच असायचं. व्यास ८०६ मिमी, म्हणजे २६५/७५ एवढाच, पण रुंदी ३० मिमी कमी. सह्यवारा यांना उंची हवी आहे, रुंदी नकोच आहे. अरुंद टायर आत-बाहेर कमी घासतो, भोवती चिखलाला जागा राहते, मूळ रिमवर बसायची शक्यता जास्त आणि मऊ चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात ते वरवर तरंगण्यासाठी. आपल्या गाडीला मात्र खाली घट्ट जमीन मिळण्याची शक्यता असते, तिथे उंच-अरुंद टायर फार चांगला चालतो. वाळूत तो कमी पडतो, पण वाळूत तुमचं काम नाही.

सावधगिरी एकच. हे एलटी माप आहे. तेवढंच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा तसाच वापरू नका, टायर कंपनीचा भार-हवा तक्ता मागा.

कायदा_आणि_गाडी

सगळे तांत्रिक बोलतायत, कागदाचंही पाहायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा नोंदणीतले तपशील वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए(४) आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला आणि सर्वेयरला मॅन्युअलबाहेरचं माप दिसलं तर दाव्यावर बोट ठेवायला जागा मिळते. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर लेखी घ्या. माझं मत सरळ आहे. ज्या गाडीने रोज मुलांना शाळेत सोडता, तिच्यावर हा धोका पत्करू नका.

ब्रिस्बेनचा_बाळ्या

ऑस्ट्रेलियात याला नीट नियम आहे, म्हणून सांगतो. इथल्या राष्ट्रीय नियमावलीत, व्हीएसबी १४ मध्ये, ऑफरोड गाडीचा टायर कंपनीने दिलेल्या सर्वांत मोठ्या मापापेक्षा व्यासात ५० मिमीपर्यंत मोठा चालतो. त्यापुढे इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे टायरच्या दुकानातला माणूसच आधी मूळ माप विचारतो. आपल्याकडेही अशी स्पष्ट मर्यादा हवी. लोक मोठे टायर घालणारच आहेत, मग कुठवर सुरक्षित हे सरकारने तपासून सांगावं.

निळीजीप

कायदा मान्य, पण गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथल्या गाड्या बघा. केवढाले टायर असतात. आणि त्या नाल्यांतून, चिखलातून जातात.

पाटा_स्प्रिंग

त्या स्पर्धेच्या गाड्या आहेत. त्यांचे अ‍ॅक्सल, गिअर, लॉकर, विंच सगळं त्या टायरच्या मापाने केलेलं असतं, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्या स्पर्धेच्या जागी ट्रेलरवरून येतात. सोमवारी ऑफिसला जायच्या गाडीची बरोबरी त्यांच्याशी करू नका.

जांभेवाडी

एक विनंती सगळ्यांनाच. मोठे टायर आले की माणूस नवीन जागा शोधतो. पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) आणि सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) गाड्या घालू नका. आमच्या सड्यावर पावसाळ्यात मातीचा पातळ थर असतो, त्यात चार महिन्यांची फुलं-गवतं येतात. एकदा चाक फिरलं की तो थर धुऊन जातो आणि खाली कातळ उघडा पडतो. वाट असेल तिथेच चालवा.

सह्यवारा

ताईंशी पूर्ण सहमत. मामांच्या शेताबाहेर मी वाट सोडत नाही.

आज दुकानात जाऊन आलो. २८५ चा विचार सोडला. मला मागच्या हाउसिंगखाली उंची हवी होती आणि ती २८५ ने जास्तीत जास्त ३० मिमी मिळणार, त्यासाठी क्लच, बूट, बम्प स्टॉप, रिम, दाराच्या बिजागऱ्या सगळ्यांवर बोजा टाकण्यात अर्थ दिसत नाही. २३५/८५ चे टायर दुकानदार मागवून देईल म्हणाला. रिमवरची रुंदी वाचली, ती त्या टायरला चालते. दोन टायर आवारात चढवून पाहायलाही तयार झाला. कायद्याचं आणि विम्याचं कळवलंत ते बरं झालं, विमा कंपनीला ईमेल केला आहे. उत्तर येईपर्यंत पैसे देणार नाही. ते नाही म्हणाले तर मूळ मापात जांभेवाडी ताईंसारखे मजबूत बाजूभिंतीचे घेईन.

स्टेपनीबद्दल विचारायचं राहिलं. चार नवीन आणि जुना २४५ चा स्टेपनीला, असं चालेल का? तेवढा खर्च वाचेल.

पाटा_स्प्रिंग

नको. ३२ मिमीचा फरक आहे. पंक्चर झाल्यावर तो जुना टायर मागच्या अ‍ॅक्सलवर लागला तर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहील, आणि त्या अवस्थेत कोणी फोर व्हील टाकलं तर ट्रान्सफर केसवर ताण. पाचही एकाच मापाचे घ्या आणि स्टेपनीलाही चक्रात फिरवत राहा म्हणजे सगळे सारखे झिजतील.

घेताना प्रत्येक टायरच्या बाजूला ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी असलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ लिहिलं असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. न खपणारी मापं गोदामात पडून राहतात, मागवलेल्या मालात जुना टायर येऊ शकतो. पाचही तारखा जवळपासच्या असाव्यात. आणि बसवल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या.

सह्यवारा

पाचच घेतो. आवारात चढवून पाहिलं की खडूच्या खुणांचे फोटो इथेच टाकतो.